मोहरे फुकट जातात: नवशिक्यांच्या बुद्धिबळातला नेहमीचा बिघाड आणि त्याची तपासणी

सगळे मोहरे कसे चालतात ते येतं, किल्लेकोट येतो, दोन-चार ओपनिंगही पाठ आहेत, तरी डाव हातातून जातो. जातो तोही समोरच्याच्या खोल योजनेमुळे क्वचितच. बहुतेक वेळा आपणच आपला घोडा त्याच्या प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवलेला असतो. नवशिक्यांना शिकवताना मी हा बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे. शिकणारं पोर आठ वर्षांचं असो की आजोबा साठीचे, दोष साधारण एकाच जागी सापडतो: चाल करण्याआधीच्या दहा-पंधरा सेकंदांत. तिथे काय बघायचं राहून जातं, ते शोधायची ही पद्धत. सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर. क्रम मोडू नका, कारण वरची तपासणी चुकली असेल तर खालच्या तपासणीत केलेली मेहनत वाया जाते.

आधी लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर तुमचा बिघाड हाच आहे.

- पहिल्या आठ-दहा चाली व्यवस्थित जातात आणि मग एखादा घोडा किंवा उंट काहीही न मिळता जातो.
- मोहऱ्यावरून हात काढला त्याच क्षणी चूक दिसते. चालीआधी मिनिटभर बघूनही ती दिसलेली नसते.
- आपला हल्ला रंगात आला असताना पटाच्या दुसऱ्या टोकाचा उंट येऊन आपला हत्ती घेऊन जातो.
- शह मिळाला की पहिली सुचेल ती चाल होते.
- वजीर जास्त असलेला डाव स्टेलमेटने, म्हणजे समोरच्याला शह नसताना एकही चाल न उरल्याने, बरोबरीत सुटतो, किंवा आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेल्या राजाला शेवटच्या ओळीवर मात बसते.
- कोडी पटापट सुटतात, पण तोच डावपेच स्वतःच्या डावात समोर असताना दिसत नाही.

एक लक्षण मुद्दाम वेगळं ठेवतो. मोहरा फुकट जात नाही, पण डाव हळूहळू आवळत जातो, चाली सुचेनाशा होतात आणि तिसाव्या चालीला कळतं की आपण हरलोय. हा दुखणाईत डाव निराळा. त्याला खालचे उपाय लागू पडत नाहीत, शेवटच्या भागात त्याबद्दल लिहिलं आहे.

१. पटाची मांडणी

अर्ध्या मिनिटाचं काम. तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. पांढरा वजीर पांढऱ्या घरावर, काळा वजीर काळ्या घरावर. दोन्ही वजीर एकाच उभ्या पट्टीत समोरासमोर आले पाहिजेत.

पट फिरवून मांडला तरी मोहरे चालतातच, म्हणून बरेच जण याकडे दुर्लक्ष करतात. पण आपली नजर आकृत्या लक्षात ठेवते. राजा कुठे बसतो, त्याच्या शेजारचं कुठलं प्यादं कच्चं असतं, किल्लेकोट कुठल्या बाजूला लवकर होतो, हे सगळं एका ठरावीक चित्रातून डोक्यात बसतं. राजा-वजिराची अदलाबदल झालेल्या पटावर आठवडाभर खेळलात तर नजर चुकीचं चित्र शिकते.

मोबाइलवर खेळत असाल तर मोहऱ्यांचं रूप साधं, सपाट ठेवा. त्रिमितीय, नक्षीदार संचात उंट आणि प्यादं एकसारखे दिसतात आणि पुढचा मोहरा मागच्याला झाकतो. मोहरा नीट ओळखूच येत नसेल तर तो कुठे मारतोय हे दिसणार कसं?

२. नियमांच्या फटी

‘नियम मला येतात’ असं सगळेच म्हणतात. तरीही तपासा, कारण फुकट गेलेल्या मोहऱ्यांमागे अनेकदा अर्धवट माहीत असलेला नियम सापडतो. रिकाम्या पटावर एकेक मोहरा ठेवून त्याची घरं मोजा. हत्ती कुठेही ठेवलात तरी त्याला १४ घरं मिळतात. उंटाला मधल्या घरावरून १३, कडेवरून ७. घोड्याला मध्यावर ८ आणि कोपऱ्यात फक्त २. वजिराला मध्यावरून २७. घोड्याची आठ घरं बोट न लावता, नुसत्या नजरेने सांगता आली पाहिजेत. तीन-चार सेकंदांत सांगता येत नसतील तर बिघाड इथेच आहे. पुढे जाऊ नका, आधी हे पक्कं करा. एक गोष्ट मदतीला येते: घोडा दर चालीला घराचा रंग बदलतो. काळ्या घरावरचा घोडा पुढच्या चालीत फक्त पांढऱ्या घरांवरच मारू शकतो.

यानंतर या चार फटी बघा. राजा आणि ज्या बाजूला किल्लेकोट करायचा तो हत्ती, दोघेही आधी हललेले नसावेत आणि त्यांच्या मधली घरं रिकामी हवीत. राजा शहात असताना, मारल्या जाणाऱ्या घरावरून जाताना किंवा अशा घरावर पोचताना किल्लेकोट होत नाही. मात्र हत्तीवर हल्ला असेल तर होतो. बरेच जण हे उलटं समजून किल्लेकोट टाळतात आणि राजा मध्यात अडकतो. दुसरी फट आँ पासाँची: समोरच्याचं प्यादं दोन घरं पुढे येऊन आपल्या प्याद्याशेजारी उभं राहिलं तर ते जणू एकच घर आलं असं धरून आपल्या प्याद्याने मारता येतं, पण लगेचच्या चालीतच. तिसरी, आठव्या ओळीवर पोचलेल्या प्याद्याचा वजीर करताना पहिला वजीर पटावर असला तरी चालतो. चौथी फट सगळ्यांत घातक. राजापुढे बांधला गेलेला, म्हणजे पिन झालेला मोहरा (तो बाजूला झाला तर मागच्या राजाला शह बसतो) स्वतः त्या रेघेबाहेर हलू शकत नाही, तरी समोरच्या राजाला तो शह देतच असतो. ‘तो तर बांधलेला आहे’ म्हणून त्याच्या टप्प्यात राजा नेला तर ती चाल नियमबाह्य ठरते.

३. घड्याळ

शेवटचे पाच हरलेले डाव काढा आणि मोहरा गेला तेव्हा घड्याळात किती वेळ उरला होता ते बघा. ऑनलाइन डावात हे प्रत्येक चालीपुढे दिसतं.

वेळ संपत आला होता? तर दोष घड्याळाचा. तीन किंवा पाच मिनिटांचे डाव बंद करा. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ‘फिडे’च्या नियमांत प्रत्येकी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळाचा डाव ‘ब्लिट्झ’ धरतात. तो पक्क्या नजरेच्या खेळाडूंसाठी आहे. नवशिक्याने किमान पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद वाढ, एवढा वेळ घ्यावा. तीस मिनिटं मिळाली तर फारच चांगलं.

अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होता? मग घड्याळाला दोष देऊ नका. नवशिक्यांचे जे डाव माझ्यासमोर येतात, त्यात हाच प्रकार जास्त असतो. वीस मिनिटं शिल्लक असताना दोन सेकंदांत चाल झालेली असते. अशांनी चौथ्या तपासणीकडे वळावं.

४. हात

चाल सुचली की हात आपोआप पुढे जातो. तो थांबवायला बुद्धी लागत नाही, फक्त सवय लागते. पटावर खेळताना दोन्ही हात मांडीखाली ठेवा. मोबाइलवर आगाऊ चाल लावून ठेवायची सोय, प्रीमूव्ह, बंद करा आणि ‘चाल नक्की करा’ असं विचारणारं बटण चालू करा. या एका बटणाने सुधारलेले खेळाडू मी बघितले आहेत.

घरी खेळतानाही स्पर्शाचा नियम पाळा. आपल्या मोहऱ्याला चाल करण्यासाठी हात लावला की तोच चालवायचा, समोरच्याच्या मोहऱ्याला लावला आणि तो मारता येत असेल तर मारायचाच. नुसता नीट ठेवायचा असेल तर हात लावण्याआधी तसं सांगायचं. किल्लेकोट करताना आधी राजा उचलायचा, तोही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लावला तर स्पर्धेत त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट करू देत नाहीत. ‘परत घेतो हं’ ही मुभा प्रेमापोटी दिली जाते, पण ती देणारा शिकणाऱ्याचं नुकसान करतो. चूक परत घेता येते हे मनाला ठाऊक असलं की मन आधी बघायचे कष्ट घेत नाही.

इथे एक जुना, खणखणीत उपाय आहे. सोव्हिएत उस्ताद बेंजामिन ब्लुमेनफेल्ड यांच्या नावाने तो ओळखला जातो. चाल ठरली की ती आधी कागदावर लिहायची. मग मान वर करून पटाकडे अगदी कोऱ्या नजरेने बघायचं: मला लगेच मात बसते का? वजीर जातो का? मोहरा जातो का? आणि मगच हात उचलायचा. खोल विचार करून परत आलेलं मन समोरची साधी गोष्ट विसरलेलं असतं, आणि लिहिण्याच्या त्या दोन-चार सेकंदांत ते जमिनीवर येतं. घरच्या सरावात हे जरूर करा. स्पर्धेत मात्र चाल आधी लिहिणं आता फिडेच्या नियमांनुसार चालत नाही. तिथे ती मनातल्या मनात म्हणायची.

५. ‘ही चाल त्याने का केली?’

सगळ्यांत जास्त मोहरे इथे वाचतात, म्हणून या तपासणीला वेळ द्या.

समोरच्याची चाल झाली की नवशिका स्वतःच्या योजनेकडे परत जातो. मघाशी ठरवलेली चाल डोक्यात तयार असते, ती करायची घाई असते. मधल्या काळात पट बदललेला असतो, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून समोरच्याची प्रत्येक चाल झाल्यावर, आपली योजना आठवण्याआधी, याच क्रमाने तीन प्रश्न विचारायचे. तो मला शह देऊ शकतो का, आणि कुठून? तो माझं काय मारू शकतो? त्याला आणखी एक चाल फुकट मिळाली तर तो काय करेल?

पटावर करून बघा. (घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ वर आणलं, काळ्याने ई५ वर. पांढरा उंट सी४ वर, काळा घोडा सी६ वर. आता पांढरा वजीर एच५ वर आला. नवशिक्याला दिसतं ते एवढंच की वजीर उघड्यावर आलाय, त्याच्यावर हल्ला करू. तो आनंदाने घोडा एफ६ वर आणतो. पांढरा वजीर एफ७ वरचं प्यादं मारतो आणि मात. उंटाचा वजिराला जोर आहे, म्हणून राजा त्याला मारू शकत नाही.

आता हेच प्रश्न विचारून. एच५ वरचा वजीर काय काय मारतोय? एच७ चं प्यादं, त्याला हत्तीचा जोर आहे. ई५ चं प्यादं, त्याला सी६ वरच्या घोड्याचा जोर आहे. एफ७ चं प्यादं, त्यावर वजीर आणि उंट असे दोघं आणि राखायला एकटा राजा. सापडलं. मग जी६ हे प्यादं पुढे करून वजिराला हुसकवता येतं. तो एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ वर रोखतो, तेव्हा घोडा एफ६ वर आणून ती उभी पट्टी बंद करायची. किंवा आधीच आपला वजीर ई७ वर आणून एफ७ ला दुसरा जोर द्यायचा.

‘वजीर एच५ वर आला की जी६’ असं पाठ केलेल्यांची मात्र फजिती होते. पांढऱ्याने उंट न काढता दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणला आणि सी६ वर घोडा अजून आलेला नसताना काळ्याने जी६ केलं, तर वजीर ई५ वरचं प्यादं शह देऊन मारतो आणि पुढच्या चालीला एच८ वरचा हत्ती घेतो. उपाय पाठ करायचा नसतो, प्रश्न पाठ करायचे असतात.

शहाचा प्रश्न पहिला का, तर शहाला उत्तर द्यावंच लागतं. बाकी सगळं बाजूला राहतं. २००६ साली बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध खेळताना व्लादिमिर क्रॅमनिकने आपला वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीला एच७ वर मात बसली. त्या वेळी तो विश्वविजेता होता. एका चालीची मात इतक्या उंचीवरच्या खेळाडूलाही निसटू शकते, म्हणून हा प्रश्न कधीही वगळायचा नाही.

६. मोहरा उचलल्यावर मागे काय उघडं पडतं?

मोहरा जिथे जातो ते घर सगळेच बघतात. तो जिथून उठतो ते फारसं कुणी बघत नाही. प्रत्येक मोहरा बसल्या जागी कुणाला तरी जोर देत असतो, एखादं घर राखत असतो, एखादी रेघ अडवून धरत असतो. तो उठला की ही तिन्ही कामं थांबतात.

१८९२ साली हवानामध्ये विश्वविजेतेपदाच्या लढतीत स्टाइनिट्झविरुद्ध चिगोरिन एक मोहरा जास्त घेऊन खेळत होता. तो तेविसावा डाव होता. त्याचा उंट डी६ वर बसून आपल्या राजाजवळचं एच२ हे घर राखत होता आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या स्टाइनिट्झचे दोन्ही हत्ती दुसऱ्या ओळीवर टपले होते. चिगोरिनने तो उंट बी४ वर नेला. हत्तीने एच२ वर मारून शह दिला, आणि पुढच्या चालीला मात अटळ होती. लढतही तिथेच संपली.

सराव साधा आहे. चाल ठरवल्यावर तो मोहरा पटावर नाहीच अशी कल्पना करा आणि विचारा, आता माझं काय कच्चं झालं? किल्लेकोट केलेल्या राजापुढची प्यादीही यात धरा. शेवटच्या ओळीवर राखण करणारा हत्ती पुढे निघाला असेल, तर आधी कडेचं प्यादं एक घर सारून राजाला खिडकी करून द्या.

वजीर जास्त असताना होणारी बरोबरी याच तपासणीने टळते. समोरच्याकडे एकटा राजा उरला की दर चालीआधी बघायचं: माझ्या चालीनंतर त्याला शहाशिवाय जायला एक तरी घर उरतं का? उरत नसेल तर ती चाल शहच देणारी हवी.

७. जोर मोजणं

इथून काम अवघड होतं. एखाद्या घरावर मारामारी होणार असेल तर हल्ला करणारे किती आणि जोर देणारे किती हे मोजायचं, आणि प्रत्येकाची किंमतही धरायची. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. ही किंमत ढोबळ आहे, पण नवशिक्याला पुरते. हल्ला दोघांचा आणि जोर दोघांचा असेल तर हल्ला फसतो. शिवाय आधी कोण मारतं हेही बघायचं, कारण नऊच्या वजिराने एकचं राखलेलं प्यादं मारलं तर मोजणी बरोबर असूनही हिशोब तोट्याचा.

मोजणी येऊ लागली की नवा बिघाड सुरू होतो: खोटा जोर. कागदावर जोर आहे, पण देणारा मोहरा बांधलेला आहे, किंवा त्याच्यावर आधीच दुसरं काही राखायचं ओझं आहे. आणि याच्या उलटही होतं. आपण ज्याला बांधलेला समजतो तो प्रत्यक्षात मोकळा असतो. क्वीन्स गॅम्बिट या ओपनिंगमधला ‘एलिफंट ट्रॅप’ नावाचा सापळा हे याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण आहे. पट मांडून हाताने खेळून बघाच.

पांढरा डी४, काळा डी५. पांढरा सी४, काळा ई६. पांढरा घोडा सी३, काळा घोडा एफ६. पांढरा उंट जी५, काळ्याचा दुसरा घोडा डी७. पांढऱ्याने सी४ च्या प्याद्याने डी५ वर मारलं, काळ्याने ई६ च्या प्याद्याने परत मारलं. आता डी५ वरच्या प्याद्याला एफ६ च्या घोड्याचा जोर आहे. पण तो घोडा हलला तर जी५ चा उंट डी८ वरचा वजीर घेईल, म्हणजे तो बांधलेला आहे असं पांढऱ्याला वाटतं. प्यादं फुकट समजून तो सी३ च्या घोड्याने डी५ वर मारतो. काळा शांतपणे एफ६ च्या ‘बांधलेल्या’ घोड्याने तो घोडा मारतो. पांढरा उंट डी८ वरचा वजीर घेतो. आणि काळा उंट बी४ वर येऊन शह देतो. राजाला जायला घर नाही, मध्ये घालायला वजिराशिवाय काही नाही. पांढरा वजीर डी२ वर जातो, काळा उंट तो घेतो, पांढरा राजा उंट घेतो आणि काळा राजा डी८ वरचा उंट घेतो. हिशोब करा: वजिरांची अदलाबदल झाली, उंटांची झाली, आणि पांढऱ्याने एका प्याद्यासाठी घोडा घालवला.

काय निसटलं? घोडा वजिरापुढे बांधलेला होता, राजापुढे नव्हे. राजापुढे बांधलेला मोहरा नियमाने त्या रेघेबाहेर हलू शकत नाही. वजिरापुढे बांधलेला हलू शकतो, फक्त त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत एखाद्या शहाने वसूल होत असेल तर तो हलतोच. मोजणीच्या शेवटी ‘आणि मग शह कुठून?’ हा पाचव्या तपासणीतला प्रश्न परत विचारायचा तो यासाठी.

८. मागे येणारे मोहरे आणि लांबच्या रेघा

आपली नजर पुढे जाणाऱ्या चाली चटकन पकडते. मागे येणारा घोडा, पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारणारा उंट, आडवा सरकणारा वजीर हे उशिरा दिसतात. १९५६ च्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या, विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत पेट्रोस्यान ब्रॉन्स्टीनविरुद्ध वरचढ स्थितीत होता. त्याचा वजीर डी६ वर होता, ब्रॉन्स्टीनचा काळा घोडा एफ५ वर. काळ्याच्या बाजूने बघितलं तर डी६ म्हणजे मागे यायची चाल. पेट्रोस्यानने दुसरीकडेच चाल केली आणि घोड्याने वजीर मारला. हाच पेट्रोस्यान पुढे १९६३ मध्ये विश्वविजेता झाला.

उपाय: दर पाच-सहा चालींनी एकदा पट समोरच्याच्या खुर्चीतून बघा. सरावात खरंच उठून पलीकडे जा, किंवा ऑनलाइन पट फिरवा. त्याच्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या मोहऱ्याची रेघ कडेपर्यंत डोळ्यांनी ओढा, मध्ये मोहरा आला तरी थांबू नका. मधला मोहरा उठला की ती रेघ उघडते, आणि उघड शह असेच येतात. त्याच फेरीत दोन्ही बाजूंचे बिनजोर मोहरे शोधून ठेवा. दुहेरी हल्ला जवळजवळ नेहमी बिनजोर मोहऱ्यावर होतो.

९. डाव लिहून काढणं

इतकं करूनही मोहरे जात असतील तर अंदाज सोडून पुरावा गोळा करावा लागेल. प्रत्येक डाव लिहा. हरलेल्या डावात मोहरा गेला त्या चालीवर गोल करा आणि पुढे कारण एका शब्दात लिहा: शह, मार, मागची बाजू, जोर, रेघ, घाई. संगणकाचं विश्लेषण आधी उघडू नका. ते तुम्हाला चूक कुठे झाली ते सांगतं, पण तुम्ही काय बघायला विसरलात ते सांगत नाही. ते तुमचं तुम्हालाच आठवावं लागतं, आणि डाव संपल्यावर लगेच, आठवण ताजी असताना. स्वतःचं लिहून झालं की मग संगणकाशी ताडून बघा.

पंधरा-वीस डावांत एक शब्द बाकीच्यांपेक्षा स्पष्ट पुढे निघतो. त्या शब्दाची तपासणी वर जिथे असेल, तिथेच परत जा.

१०. डावपेचांची कोडी

सगळ्यांत लांबचा रस्ता. दुहेरी हल्ला, पिन, उघड शह, शेवटच्या ओळीवरची मात या विषयांची सोपी कोडी रोज थोडी, महिनोन्‌महिने. कोडी सुटतात पण डावात दिसत नाहीत अशी तक्रार असेल तर त्याचं कारण उघड आहे: ‘इथे काहीतरी आहे’ हे कोडं आधीच सांगतं, डाव सांगत नाही. म्हणून कोड्यात उत्तर देण्याआधी ‘समोरच्याची धमकी काय?’ हेही शोधायचं. वेगाच्या शर्यती टाळा. वीस कोडी घाईत चुकण्यापेक्षा पाच शांतपणे बरोबर सोडवणं कितीतरी उपयोगी आहे.

मोहरे जायचे थांबेपर्यंत नवीन ओपनिंग शिकू नका. पंधरा चालींची ओपनिंग पाठ केली तरी सोळाव्या चालीला घोडा जातोच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्पर्धेत नियमावरून वाद झाला तर स्वतः निवाडा करू नका, समोरच्याशी हुज्जतही घालू नका. घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. त्यासाठीच ते असतात, आणि तसं करण्याचा तुम्हाला हक्क आहे.

काळ्या घरावरचे काळे मोहरे पुसट दिसतात, पटाची पलीकडची ओळ स्पष्ट दिसत नाही किंवा थोडा वेळ खेळलं की डोकं दुखतं, असं असेल तर बुद्धिबळाचा सराव थांबवून आधी डोळे तपासून घ्या. लहान मूल ही तक्रार स्वतःहून करत नाही, त्याला विचारावं लागतं.

प्रशिक्षकाकडे जायची वेळ तीन प्रसंगी येते. एक, दोन-तीन महिने डाव लिहून मोहरे फुकट जायचे जवळजवळ थांबले, तरी निकाल तेच आहेत. वर वेगळं ठेवलेलं ते आवळत जाणाऱ्या डावाचं लक्षण हेच. तिथे प्याद्यांची रचना, चांगला-वाईट उंट, योजना असे विषय येतात आणि ते एकट्याने चाचपडत शिकण्यात वर्षं जातात. दोन, संगणक सांगतो की तुमची चाल वाईट आहे, त्याची चाल चांगली आहे, आणि तासभर बघूनही का ते कळत नाही. तीन, मूल हरल्यावर रडतं, पटाजवळ यायला नको म्हणतं आणि घरातल्या माणसाने समजावलं की आणखी चिडतं. अशा वेळी शिकवणारा बाहेरचा असलेला बरा, आणि आई-वडिलांनी नुसतं सोबत असावं.

जाताना शेवटचे दहा-बारा लिहिलेले डाव घेऊन जा, जिंकलेलेसुद्धा, तुमच्या गोलांसकट आणि कारणांसकट. चांगला प्रशिक्षक आधी ते मागेल आणि त्यातल्या एका डावावर तुमच्याबरोबर बसून ‘इथे तू काय बघितलंस?’ असं विचारेल. डाव न बघताच ओपनिंगची यादी हातात ठेवणारा भेटला तर दुसरा शोधा.